रेहानाच्या भिंती

रेहाना गेल्याची बातमी मला मंचरजवळ एसटीत कळली. हायवेवर कांद्याच्या ट्रकांमागे गाडी अडकली होती म्हणून सहज मोबाइल उघडला, तर शाळेच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागलेली. सगळ्यात आधी हात जोडले होते आमच्या संस्थेच्या सचिवांनी. हार्ट अटॅक, घरीच, दुपारी... मला रडू आलं नाही. संताप आला. ती जिवंत असताना या माणसाने तिचा एक फोन धड ऐकून घेतला नव्हता. आज काही आठवडे उलटले, तरी तो संताप उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

रेहाना जुन्नरच्या बाजारपेठेतल्या बांगडीवाल्याची मुलगी, आमच्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. मी त्याच संस्थेच्या शाळेत शिकवते. जुन्या वसतिगृहात एकदा पाइप फुटला, तो कुठून गेलाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि डोंगरातून शिकायला आलेल्या त्या पोरी थंडीभर विहिरीवरून बादल्या वाहत राहिल्या. नव्या इमारतीत हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढं एकच रेहानाने धरलं. बांधकाम सुरू झाल्यावर प्लास्टरच्या आधी ही बाई प्रत्येक भिंतीसमोर टेप घेऊन हजर. खडूने खोलीचा नंबर लिहायचा, पाइप जमिनीपासून किती उंच, वायर कुठे वळली ते मोजायचं आणि फोटो काढायचा. कॉन्ट्रॅक्टर वैतागला. “मॅडम, आमी बिल्डिंग बांधतोय, लग्नाचा अल्बम न्हाई करत!”

“लग्नाचा अल्बम परत कोण उघडतंय, भाऊ? हा उघडावा लागंल,” असं म्हणून तिने टेपचं दुसरं टोक त्याच्याच हातात दिलं.

उद्घाटन थाटात झालं. किल्ली दिली, किल्ली घेतली, टाळ्या वाजल्या. नकाशांची गुंडाळी टेबलावर पडून होती, ती उघडली एकट्या रेहानाने. “अगं, यात न्हाणीघरं पूर्वेला दाखवलीत!” काम चालू असताना ती पश्चिमेला सरकवली होती, नकाशा मात्र जुनाच हवाली केला होता. म्हणजे खरी इमारत फक्त तिच्या फोटोंत होती. ते तिने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खोलीवार लावले. पंपाची गॅरंटी, टाकी कधी धुतली, कुठला नळ बदलला, सगळं त्यातच भरत गेली. “इमारत ताब्यात घेतली म्हंजे नुसती किल्ली घेतली का? तिच्या पोटात काय हाय ते नको घ्यायला?” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. लोक कंटाळायचे. खरं सांगायचं तर मीही. दिवाळीच्या फराळाला घरी आली की आधी विचारायची, तुमचा मेन स्विच कुठाय? पण तिच्या काळात एकदा भिंत ओली झाली, तेव्हा तिने फोटो पाहून प्लंबरला जागा दाखवली, एक फरशी निघाली आणि जेवणाच्या आत पाणी सुरू झालं.

निवृत्त होताना तिने सगळं पेन ड्राइव्हवरही दिलं आणि स्वतःच्या मोबाइलमधून काढून टाकलं. वसतिगृहाचं वसतिगृहाला दिलं, म्हणाली. पुढे तपासणीची कमिटी येणार म्हणून सचिवांनी कॉम्प्युटर ‘साफ’ करून घेतला. आणि पेन ड्राइव्ह? स्नेहसंमेलनाची गाणी भरायला रिकामा केला! मी ऑफिसात जाऊन ओरडले, तर क्लार्क म्हणतो, “मॅडम, त्यात माणसं नव्हती ओ, नुसत्या भिंती व्हत्या.”

यंदा वरच्या मजल्यावर गळती लागली. ओल दिसेल तिथे भिंत फोडली, गळती सापडली नाही, शेवटी वरच्या न्हाणीघरांना कुलूप घातलं. सगळ्या मुली उजाडायच्या आधीपासून खाली रांगेत. रेहानाने सचिवांना फोन केला, आठवतंय तेवढं येऊन दाखवते म्हणाली. “तुम्ही आता आराम करा,” हे उत्तर. मी म्हटलं, सोड गं, तुझं काय अडलंय? “पोरी गारठ्यात उभ्या हायेत...” एवढंच बोलली. न बोलावताच जायचं ठरवलं होतं तिने. त्याआधीच गेली.

शोकसभा वसतिगृहाच्याच हॉलमध्ये झाली. “या वास्तूवर त्यांनी लेकीसारखं प्रेम केलं,” सचिव म्हणाले. मग तिची मोठी तसबीर तिथेच लावायचं ठरलं. शिपाई ड्रिल घेऊन स्टुलावर चढला आणि पहिल्याच भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली. पाणी बंद कुठून करायचं, कुणालाच माहीत नव्हतं. लोक पळत राहिले आणि वरची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहत राहिलं. ओल्या फरशीवर एक मुलगी बादली घेऊन माझ्यापाशी आली. “बाई, आता खाली पण पानी न्हाई का?”

तो पाइप अजून दुरुस्त झालेला नाही आणि ती तसबीर अजून हॉलमधल्या खुर्चीवरच ठेवलेली आहे. खिळा कुठे मारायचा ते ठरत नाही म्हणे. ते सांगू शकणारी बाई काचेआड हसते आहे आणि तिच्यासमोरून मुली बादल्या घेऊन विहिरीकडे जात आहेत.