वकीलबाईंच्या कोटाचा वास

आमच्या लॉन्ड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या लावायची पद्धत आहे, पण ती गिऱ्हाइकांच्या समाधानापुरती. धुवायच्या आधीच चिठ्ठ्या पडतात, नाहीतर माझ्या हातून भलत्याच गठ्ठ्यात जातात. मग माझी थोरली बहीण कपडा उचलते, कॉलर नाकाला लावते आणि सांगते, "हा दातांच्या डॉक्टरांचा. लवंग." दुसरा उचलते. "हा वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा. गेल्या आठवड्यात आंघोळीला सुट्टी होती." तीस वर्षांत ताई एकदाही चुकलेली नाही. ती ओळखते, मी इस्त्री करतो आणि चुकतो, अशी आमच्यात कामाची वाटणी आहे.

अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या घामात गेलं, त्याची तिने कधी तक्रार केली नाही. तिचं व्यसन एकच, वकीलबाईंचा काळा कोट. गेली सहा वर्षं दर सोमवारी तो येतो. आला की ताई तो घेऊन आतल्या खोलीत जाते, दार लोटते आणि दोन मिनिटं बाहेर येत नाही. मी एकदा डोकावलो, तर ताईसाहेब कोटाच्या गळ्यात तोंड खुपसून उभ्या.

"झोप पुरी झालेल्या बाईचा वास आहे हा," ती म्हणाली. "जिला सकाळी उठून कुणाचे डाग काढायचे नसतात, तिचा."

परवाच्या सोमवारी तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, दुकानात आली. तिला नवीन नोकरी लागली आहे, काचेच्या ऑफिसात. शनिवारी तिथे घरच्यांना बोलावलं होतं. "मामा, तूही ये," म्हणाली. मग मोबाइलमधून डोकं वर न काढता, "आणि आई, येताना तेवढा दुकानाचा वास घालवून ये हं."

याच वासावर हिचं सगळं शिक्षण झालं. माझ्या हातात तापलेली इस्त्री होती, एवढंच सांगतो. भाची गेल्यावर ताईने स्वतःची बाही हुंगली आणि हात खाली सोडला. मला तिचं फार वाईट वाटलं.

मंगळवारी सकाळी तिने दुकानाला कुलूप लावलं. वकीलबाईंचा न धुतलेला कोट पिशवीत होता. शर्टाला बटण जुळवायला लोक शर्टच घेऊन जातात, तशी ही कोटाला सेंट जुळवायला निघाली होती. मी सोबत गेलो. कोट हरवला असता तर वकिलाशी गाठ होती.

सेंटच्या दुकानातल्या मुलीने दोन बोटांत कोट धरून वास घेतला आणि वरच्या फळीवरून एक बाटली काढली. औषधाच्या बाटलीएवढी, पण दागिन्यासारखी मखमलीवर ठेवलेली.

"हा मोजक्याच लोकांना कळतो," ती म्हणाली. तिने किंमत सांगितली, तेव्हा लोक मोजके का ते मलाही कळलं.

तिने ताईच्या मनगटावर एक फवारा मारला. "आता थांबायचं. तो हळूहळू उलगडतो. आधी संत्र्याची साल, मग ओलं लाकूड, शेवटी नदीतला दगड."

आम्ही थांबलो. ताईने हुंगलं. "साल आहे. पण संत्रं कुणीतरी आधीच खाल्लंय."

दहा मिनिटांनी ती म्हणाली, "लाकूड आलं. फिनेलने पुसलेलं."

अर्ध्या तासाने मुलीने अगदी आशेने विचारलं, "दगड?"

"दगड नाही. नळाचं पाणी येतंय."

नाव मोठं लक्षण खोटं, असं मी पुटपुटलो, तर मुलीने माझ्याही मनगटावर फवारलं. माझ्या अंगाला न्हाव्याकडून आल्यासारखा वास येऊ लागला.

"पण कोटावरचा हाच आहे," मुलगी म्हणाली.

"हाच आहे," ताई म्हणाली. "पण अर्धाच."

"मॅडम, प्रत्येकाच्या त्वचेवर तो वेगळा खुलतो."

"मग माझ्याच त्वचेवर खुलायला त्याला लाज वाटते का?"

मुलीने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. त्या हुंगल्या की थकलेलं नाक पुन्हा ताजं होतं म्हणे. ताईने वाटी बाजूला सारली. तिची स्वतःची रीत आहे. एका गिऱ्हाइकाचा कपडा झाला की दुसरा उचलण्याआधी ती आपली बाही हुंगते. तशी तिने हुंगली आणि थबकली. मग मनगट, परत बाही, मग दोन्ही एकदम. शेवटी पिशवीतला कोट.

"अगं बाई! ही तर खळ आहे."

"काय आहे?" मुलीने विचारलं.

"आमची खळ, आमची वाफ, आमचा साबण. कोट आमच्याकडून जातो आणि बाई त्यावर तुमची बाटली मारतात. उरलेला अर्धा माझा आहे!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, आमचा कळसा तर खरोखरच काखेत निघाला. ताई आता हसेल असं मला वाटलं, पण ती संतापली.

"सहा वर्षं मी मलाच हुंगतेय," ती म्हणाली, "आणि हेवा त्या बाईचा करतेय!"

अर्ध्या वासाला पूर्ण किंमत द्यायची नाही, असं मुलीला सांगून ती बाहेर पडली. बाटली घेतली नाही.

शनिवारी ताईने ठेवणीतले कपडे काढून त्यांना घट्ट खळ दिली. मी जन्मात केली नव्हती इतकी कडक इस्त्री केली. सेंटचा थेंब नाही. भाचीला मात्र मी आधीच फोनवर बोलून बसलो होतो की तुझी आई महागड्या सेंटच्या दुकानात जाऊन आली. पुढचं सांगायचं राहून गेलं होतं.

ऑफिसच्या दारात भाचीने आईला मिठी मारली. ताई खांबासारखी ताठ उभी राहिली. भाचीने तिच्या मानेजवळ नाक नेलं. एकदा, आणि परत एकदा.

"आई, घेतलास तू? कसला छान आहे गं! एकदम स्वच्छ वाटतंय. कुठला?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं, तेही काचेचं होतं.

"मोजक्याच लोकांना कळतो," ताई म्हणाली.

"मला देशील ना थोडा?"

"सोमवारी सकाळी सहाला दुकानात ये. गठ्ठे सोडायचे असतात. दुपारपर्यंत आपोआप लागेल."