एसीवाल्याची बिअर

अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या लेबर कॅम्पात आमचा एक एसी दुरुस्त करणारा, एसीवाला होता. शेडमागं, उघड्यावर, तो माल्ट, साखर आणि पावाचं यीस्ट घालून डब्यात बिअर लावायचा. डबा थंड राहावा म्हणून एसीतून गळणाऱ्या पाण्याखाली ठेवायचा. रोज आतल्या बुडबुड्यांना कान लावून म्हणायचा, "बोलतोय अजून." झाकण मात्र कायम सैल.

मला ते पटेना. मी वेल्डर माणूस, गळती मला बघवत नाही. एकदा मीच पान्यानं झाकण आवळलं. दुसऱ्या दुपारी आत कोंडलेल्या गॅसनं डबा फुटला आणि फेस थेट फोरमनच्या अंगावर. दारू सापडली की व्हिसा कॅन्सल, हे सगळ्यांना ठाऊक. झाकणावर पान्याचे ओरखडे होते, पाना माझ्या हातात. लपवणं माझ्या रक्तात नाही.

"बाबा, तुमने किया?" फोरमननं मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत एसीवाला म्हणाला, "मेरा है साब. चाचा को इसमें क्या समझता है!"

फोरमन शिव्या देऊन निघून गेला. चारचौघांत मला अडाणी ठरवलं म्हणून मी दोन दिवस एसीवाल्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी छपरावर चढता चढता तोच म्हणाला, "काका, जुलैत एसीवाल्याला कुणी घरी पाठवत नाही. वेल्डर दहा मिळतात."

खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.