मुख्य श्रोता

हल्ली कार्यक्रमपत्रिकेत मंडपात बसणाऱ्या प्रत्येकालाच श्रोता म्हणतात. आमच्याकडे पोथीच्या सप्ताहात मात्र मुख्य श्रोता एकच असतो. तो संकल्प करून, आपली पोथी उघडून वक्त्यासमोर बसतो आणि सातही दिवस अक्षर न् अक्षर ऐकतो. बाकीची मंडळी येतात, हात जोडतात, उठून जातात. त्याला उठता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी लातूरला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सप्ताह मांडला. तो आता तिथे शाळेत संस्कृत शिकवतो. वक्ता तो स्वतःच होता, आणि नांदेडहून मला बोलावून त्याने मुख्य श्रोत्याच्या आसनावर बसवले. तोवर माझे दोन्ही कान जवळजवळ गेले होते, आणि हे घराबाहेर कोणाला सांगितलेले नव्हते. ऐकू येत नसताना श्रोता होणे म्हणजे देवापुढे खोटे बोलणे, हे मला कळत होते. पण त्या आसनाचा मान सोडवला नाही.

आमच्या दोघांच्या पोथ्या एकाच छापाच्या, सुट्या पानांच्या. त्याचे पाहून मी पान उलटत असे. उलटताना तो प्रत्येक पान क्षणभर उचलून धरी. वाचण्याची लकब असेल, असे मला वाटले. तिसऱ्या दिवशी उचललेल्या पानावरचा अंक माझ्या पानावरच्या अंकापेक्षा एकने पुढचा दिसला. दोन पाने चिकटून आली होती. मी हात वर केला. त्याने पाने सोडवली आणि राहिलेला भाग वाचला.

आरतीनंतर शेजारच्या एक वृद्ध बाई माझ्याजवळ येऊन मोठ्याने म्हणाल्या, "गुरुजींचे कान लई तिखट हायेत. आमच्या कुनाच्या ध्यानातबी आलं न्हाई." लोक पाया पडू लागले. मला मान वर करवेना.

मंडप रिकामा झाल्यावर विद्यार्थी पोथी बांधत होता. उद्या दुसरा श्रोता बसव, मला ऐकू येत नाही, असे मी त्याला सांगितले. त्याने गाठ पुरी बांधली आणि माझ्या कानाशी वाकला.

"ठाऊक आहे, गुरुजी. गेल्या साली माहूरला तुम्ही दिसलात, तेव्हा मागून चार हाका मारल्या होत्या मी."

"मग बसवलंस कशाला?"

"तुमच्यासमोर वाचताना मला अक्षर गिळता येत नाही."

चौथ्या दिवशी मी संकल्प पुन्हा केला, या वेळी खरे सांगून. वाचन सुरू झाले. पहिले पान संपताच त्याने ते अंक माझ्याकडे करून उचलून धरले, आणि मी मान हलवेपर्यंत खाली ठेवले नाही.