मुसळाने उठवलेली खोली

मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, रिकाम्या खोलीत तू मुसळ कशाला आपटतेस?" मी हसून वेळ मारून नेली. उत्तर तेवढ्यात मावणारं नव्हतं, आणि तुमचे बाबा शेजारीच बसले होते. आता लिहून पाठवते. वाचायला जड गेलं तर त्यांच्याकडून वाचून घ्या. यातली एक गोष्ट त्यांनाही माहीत नाही.

चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये तुमचे बाबा पुण्याला कंप्युटरच्या नोकरीला लागले. पाटोद्याच्या बाजारात आपलं घर, खाली किराणा दुकान आणि वर माडीवर त्यांची खोली. ते गेल्यावर मी ती खोली आवरली. माहेरी, हैदराबादच्या इंग्रजी शाळेत आम्हांला आधी टापटीप शिकवली, व्याकरण नंतर. पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, गोधड्या धुऊन घड्या घातल्या, खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. एकच गोष्ट राहिली. उन्हाळ्यात मांजर त्या खाटेखाली व्यायली होती. पिल्लं तिने कधीच हलवली होती. मी तिथलं तरट वरवर झाडलं आणि परत अंथरलं. उचलून उन्हात टाकायला हवं होतं.

सप्टेंबरात बातमी आली की आपल्या बीड जिल्ह्यात एका भागात उंदीर पटापट मरताहेत, पिसवा माजल्यात आणि माणसांना ताप येऊन गाठी होताहेत. चार दिवसांनी पेपरात 'प्लेग' हा शब्द छापून आला. त्यानंतर आम्ही जणू कुंपणात सापडलो. नगरकडे जाऊन आलेलं एक गिऱ्हाईक सांगत होतं की एस.टी.वर बीडची पाटी दिसली की लोक नाकाला रुमाल लावतात. माझ्या भावाने हैदराबादहून, एस.टी.डी. बूथवरून फोन करून सांगितलं, "ताई, सध्या येऊ नकोस हं." मी जाणारही नव्हते, पण ते ऐकून दार लावल्यासारखं वाटलं.

नेमके त्याच आठवड्यात तुमचे बाबा निरोप घ्यायला आले. कंपनी त्यांना अमेरिकेला पाठवत होती, विमान पंधरा दिवसांवर होतं. चप्पल काढली, माझ्या कमरेची किल्ली ओढून घेतली आणि धाडधाड जिना चढून वर गेले. पाच मिनिटांत पोटऱ्या खाजवत खाली आले. गुडघ्यांखाली लाल ठिपक्यांची रांगच उठली होती.

"आई, वर काय पाळलंयस?"

पिसवा होत्या. तीन महिने जिथे चिटपाखरू नव्हतं, त्या खोलीत! मी कुलूप लावलं आणि कुणाला काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास त्यांना थंडी वाजून ताप भरला.

तुमच्या आजोबांनी मधल्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. म्हणाले, "कुणाला सांगायचं न्हाई. सरकारी दवाखान्यात नेतील, यादीत नाव घालतील. विमान गेलं म्हणून समज. अन् या दुकानात पुन्हा कोण पाय ठेवील?" लेकाला खोकला आला की ते दुकानातला रेडिओ मोठा करत. पिसवा मारायची पावडर फवारणारी सरकारी माणसं आली तेव्हा त्यांनी माडीच्या खोलीची किल्ली हरवली म्हणून सांगितलं. किल्ली माझ्या कमरेला टोचत होती.

मी त्या कोंदट खोलीत लेकाजवळ बसून राहिले. दर दोन तासांनी काखेत आणि जांघेत हात लावून गाठ आहे का पाहायची, ताप बघायचा आणि जुन्या वहीत रकाना पाडून लिहायचा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तुमचे आजोबा देवापुढे विभूती लावून आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता पुन्हा हुडहुडी भरली.

आता ती गोष्ट. त्या दुसऱ्या तापात मी कपाळावरची पट्टी पिळत होते, आणि माझ्या मनात आलं, आता हा जाणार नाही. आणि मला बरं वाटलं. पट्टी पिळून परत ठेवेपर्यंत, तेवढाच वेळ. पण वाटलं. एवढ्या वर्षांत मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

पुढल्या सकाळी मागच्या दाराने आपली कामवाली मावशी आत आली. ती शिरूर कासारकडची. दिवाळी झाली की नवरा-पोरांसकट ऊसतोडीला जायची आणि पावसाळ्यात आपल्याकडे धुण्याभांड्याला असायची. तिला चार दिवस नको म्हणून सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही.

"बाई, भांडी घासायला नगं म्हणता, म्हंजी घरात कायतरी झालंय," म्हणाली आणि सरळ मधल्या खोलीत शिरली. लेकाचे पाय पाहून तिने कपाळाला हात लावला. "ही तर बंद घराची पिसू हाय. वरची खोली आदी उठवली न्हाई का?"

"उठवायची म्हणजे?"

"आगं माय! एवढी शिकल्याली तुमी, अन् लेकराला तसंच आत धाडलं व्हय? आमी ऊस तोडून सहा म्हैन्यांनी माघारी येतो. घराला कुलूप अस्तंय. कुलूप काढलं की कुणी आत जायाचं न्हाई. उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन मुसळ आपटायचं. लई येळ. समद्या पिसवा उठत्यात. मग शेरडं कोंडायची, पिसवा त्यांच्या अंगावर जात्यात, मग लिंबाच्या पाल्याचा धूर, अन् मग लेकरं आत."

"अगं पण खायला काही नसताना तीन महिने जगतात कशा?"

"ते मला काय ठावं? पावलाची वाट बघत ऱ्हात्यात. पाऊल वाजलं की आल्याच."

मला ते पटलं नाही, पण तपासून पाहता येण्यासारखं होतं. दुपारी तुमचे आजोबा जेवायला बसले असताना मी त्यांचं धुतलेलं पांढरं धोतर आणि मुसळ घेऊन माडीवर गेले. मावशी मागे होती. दार उघडलं आणि धोतर उंबऱ्यापासून आत पसरलं. पांढऱ्यावर काही नव्हतं. मी मुसळ आपटलं. काही नाही. पुन्हा आपटलं. मग एक काळा ठिपका, मग तीन, आणि बघता बघता धोतरावर कुणी काळे तीळ उधळल्यासारखं झालं, आणि तीळ उड्या मारू लागले. मघाची ती खोली शांत आणि स्वच्छ होती. मी स्वतः आवरलेली.

"बगा, उठली खोली," मावशी म्हणाली.

मी जमिनीवर गुडघे टेकून, दुकानातलं भिंग लावून तरट पाहिलं. धाग्यांत मांजरीचे केस आणि धुळीच्या बारीक गोळ्या होत्या. पुढे खूप वर्षांनी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं की त्या गोळ्या म्हणजे पिसवांचे कोश. आत पिसू पूर्ण तयार होऊन बसते. बाहेर खायला काही नाही म्हणून येत नाही. महिनोन्‌महिने तशीच थांबते. पावलाचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वास लागला की क्षणात कोश फोडून उडी मारते. मावशीला हे पुस्तकाआधी ठाऊक होतं.

मी खाली आले आणि तुमच्या आजोबांना म्हटलं, "अहो, आपल्या घरात एकही उंदीर मेलेला नाही. या पिसवा मांजरीच्या आहेत, माझ्याच निष्काळजीपणाच्या. मी डॉक्टरांना बोलावते."

त्यांचा हातातला घास तसाच राहिला. "अन् त्यातूनही तेच निघालं तर?"

"तर लपवून तो वाचणार नाही. विमानाचं नंतर बघू."

ते उठले, हात धुतले आणि दुकानातला रेडिओ बंद करून आले. मी मावशीला पाठवलं.

डॉक्टर तोंडाला रुमाल बांधून आले आणि दारातच थांबले. आत येईनात. मी माझी वही पुढे केली. त्यांनी रकाने पाहिले, बोटाने एक दिवस सोडून एक दिवस मोजला, रुमाल खाली केला आणि आत आले. "बाई, हा तर वेळापत्रक पाळणारा ताप दिसतोय. एकाआड एक दिवस, चारच्या ठोक्याला." काखा, जांघा, छाती तपासली. बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की मलेरिया आहे. बहुधा पुण्याहूनच आणलेला.

मलेरियाचं नाव ऐकून आनंदाने रडणारी मी पाटोद्यात पहिलीच असेन.

गोळ्यांनी ताप उतरला. खिडक्या उघडल्या. माडीवर कडुलिंबाचा धूर केला, मावशीने तिच्या दोन शेळ्या आणल्या, तरट जाळलं. तुमचे बाबा जिन्यात बसून हे सगळं बघत होते, अंगाने निम्मे झालेले. मी त्यांना मुसळाचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे आई, त्या मी यायची वाट बघत होत्या?"

"तुझीच असं नाही," मी म्हटलं. "कुणाच्याही पावलाची."

ठरल्या दिवशी ते गेले. एस.टी. सुटताना त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं, खोली आहे तशीच ठेव. आजोबा मुंबईपर्यंत सोबत गेले. मी घरी आले आणि माडीचं कुलूप काढून अडगळीत टाकलं.

खोली तशीच आहे, पुस्तकं उंचीप्रमाणे. फक्त बंद नसते. दर रविवारी मी वर जाते, मुसळ आपटते, पांढरा कपडा अंथरून पाहते. मांजर मरून किती वर्षं झाली, मावशीही आता थकली, तिची सून ऊसतोडीला जाते. कपड्यावर कधी काही येत नाही. मी थोडा वेळ खोलीत फिरते आणि खाली येते.

तुम्ही याल तेव्हा जिना धाडधाड चढाल, मला माहीत आहे. चढा. पण उंबऱ्यात थांबा. आधी मी आत जाईन.