लंडन उघडलं

दुपारी साडेबाराला आमच्या ऑफिसात कोंबडा आरवायचा. शालूताईंच्या फोनमधला. ज्या पोरीच्या कानावर तो आधी पडेल तिनं ओरडायचं, "ताई, लंडन उघडलं!" ताईंचा डबा तेव्हा नुकताच उघडलेला असायचा. तो तसाच ठेवून त्या फोन घेऊन खिडकीपाशी जायच्या आणि जाता जाता आम्हाला म्हणायच्या, "उघडू दे, उघडू दे. तुमी जेवा." लंडनचा शेअर बाजार तिकडे सकाळी उघडतो तेव्हा चंद्रपुरात जेवणाची वेळ झालेली असते. हिवाळ्यात तिकडची घड्याळं मागं जातात, मग कोंबडा दीडला आरवायचा. "थंडीत लंडन उशिरा उठते," ताई म्हणायच्या, "आपल्यासारखंच आहे ते."

ताईंचा एकही शेअर नव्हता. कोणाचाच नव्हता. पण आमचं पोट ज्या कंपनीवर चालत होतं ती इंग्लंडची होती, लहान होती, आणि दुसऱ्यांनी घातलेल्या भांडवलावर उभी होती. तिकडच्या मोठ्या टेक्नॉलॉजी कंपन्यांचे भाव पडले की लहान कंपन्यांत पैसा घालणारे हात आखडता घेतात, हे ताईंना तिथल्या साहेबानं एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून त्या भाव पाहायच्या, जसे आमचे बाबा आभाळ पाहायचे.

शालूताई रामटेके घुग्घुसच्या. वडील कोळसा खाणीत, आणि खाणीतल्या आवाजानं त्यांचे कान गेलेले. घरात बापाला ऐकू यावं म्हणून लहानपणापासून मोठ्यानं बोलायची सवय, ती कधीच गेली नाही. व्हिडिओ कॉलवर ताई "गुड मॉर्निंग" म्हणाल्या की पलीकडे साहेब दचकायचा. पुण्याला त्यांनी कितीतरी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली. लॉकडाऊनमध्ये चंद्रपूरला परत आल्या आणि परत गेल्याच नाहीत. पुण्यात असताना ज्याच्यासाठी काम केलं होतं त्या डॅनियल नावाच्या इंग्रज पोरानं स्वतःची कंपनी काढली होती. ताईंनी त्याच्याकडून काम मिळवलं आणि मूल रोडला हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. आता तिथं पोलीस भरतीचा क्लास चालतो.

काम असं होतं. डॅनियलच्या कंपनीच्या गाड्या तिकडच्या रस्त्यांचे फोटो काढायच्या. रस्त्यात कुठं खड्डा, कुठं भेग, ते मशीनला आपोआप कळावं आणि तिकडच्या नगरपालिकांना ते विकावं, असा त्याचा धंदा. पण मशीनला आधी कोणीतरी शिकवावं लागतं. आम्ही नऊजणी फोटोतल्या प्रत्येक खड्ड्याभोवती चौकट काढायचो. त्याला आम्ही बॉक्स मारणं म्हणायचो.

नऊही पोरी ताईंनी स्वतः घरी जाऊन आणल्या. आमच्या पोंभुर्ण्याच्या घरी त्या आल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. माझ्याआधी आमच्या घरात कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले होते आणि डिग्री पत्र्याच्या पेटीत होती. ताई खुर्चीवर बसल्या नाहीत, बाबांसमोर सतरंजीवर बसल्या. बाबांना इंग्लंड, खड्डे, मशीन काही कळलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "पोट्टी वापस येईन ना, बाई?"

"मी घेऊन चालली भाऊ, मीच आणून देईन," ताई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हाती नाई पाठवणार. हा शालूचा शब्द आहे."

हाच शब्द त्यांनी नऊ घरी दिला. सगळ्यात लांब भामरागडकडची मैनी. तिच्या गावाला पावसाळ्यात नदी ओलांडून जावं लागतं. तिचा बाप अर्धा दिवस काही बोललाच नाही म्हणे, आणि ताई अर्धा दिवस त्याच्या अंगणात बसून राहिल्या. शेवटी त्यानंही बाबांचाच प्रश्न विचारला.

पहिल्याच आठवड्यात आम्ही काम बुडवायच्या बेतात होतो. आमच्यात पल्लवी घुग्घुसचीच. ट्रकांनी फोडलेल्या रस्त्यावर तिचा जन्म गेला. तिनं फोटोमागून फोटो कोरे सोडले. डॅनियलची मेल आली की तुमच्या मुलींना खड्डे दिसत नाहीत का. ताईंनी पल्लवीला बोलावलं.

"काऊन वं, हा खड्डा नाई दिसला तुले?"

"ह्याले खड्डा म्हणतात, ताई? ह्याच्यात तर कोंबडीचं पिल्लू नाई बुडत. आमच्या घुग्घुसले हा प्लेन रोड आहे. आमच्या इथी अर्धा टायर गेला का मंग म्हणतात, थोडा खड्डा आहे."

आम्ही हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. ताईही हसल्या. मग म्हणाल्या, "पोट्टे, आपल्या डोयानं नको पाहू. ज्याचा रोड, त्याच्या डोयानं पाह्य. तो माणूस एवढ्याशा भेगीसाठी नगरपालिकेले फोन करते. त्याच्यासाठी तो खड्डा आहे."

पुढं काहीही अडलं की हेच वाक्य यायचं. पल्लवीच पुढं सगळ्यात बारीक भेग पकडायला लागली. मैनी तर ओल्या रस्त्यावर पाण्याखालचा खड्डा ओळखायची. मी विचारलं तर म्हणाली, "पाणी तिथी वेगळं चमकते." एवढंच.

पहिली दोन वर्षं चांगली गेली. मग तिकडचं वारं फिरलं. ताई खिडकीतून परत यायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला बाजार कळायला लागला. त्या आमच्यापासून काही लपवत नसत. तुमच्या पोटाचा प्रश्न आहे तर तुम्हाला समजलाच पाहिजे, असं त्यांचं मत. म्हणून पोंभुर्ण्याच्या आणि भामरागडच्या पोरी जेवताना इंग्लंडच्या व्याजदरावर बोलायच्या.

"आधी तिकडं व्याज नव्हतंच म्हणा ना," ताई सांगायच्या. "पैसा बँकेत ठेवून फायदा नाई, मंग लोक नव्या कंपन्यांत घालत. विचारत का, किती वाढसान? आता व्याज वाढलं, तर विचारून राह्यले, नफा कधी? आपला डॅनियल अजून वाढूनच राह्यला. नफा कुठून आणंल तो?"

मैनीनं विचारलं, "मंग तिकडं पैसाच नाई का, ताई?"

"पैसा आहे वं. त्याहीच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे ढीग आहेत. पण ते स्वतःच्या देशातल्या कंपनीत नाई घालत, अमेरिकेत नेऊन घालतात. चांगली कंपनी निघाली का तीही उठून अमेरिकेच्या बाजारात जाते. पैसा नाई आटला, धीर आटला त्याहीचा."

मग त्यांनी तेंदूचं उदाहरण दिलं, कारण ते आम्हा सगळ्यांच्या घरचं होतं. उन्हाळ्यात आमची माणसं जंगलातून विडीची पानं तोडतात, पुडके बांधतात. एखाद्या वर्षी पान सोन्यासारखं असतं आणि लिलावाला ठेकेदारच येत नाही. "तसंच आहे हे," ताई म्हणाल्या. "पान चांगलं आहे, बोली नाई."

मागच्या उन्हाळ्यात बोली आली. लंडनचा एक गुंतवणूकदार डॅनियलच्या कंपनीत पैसा घालायला तयार झाला. त्याआधी त्याला परीक्षा घ्यायची होती. तो नवे फोटो देणार, ते कंपनीचं मशीनही तपासणार आणि आम्हीही तपासणार. दोघांचे निकाल शेजारी ठेवून तो ठरवणार. हा पैसा आला नाही तर कंपनी बंद, आणि कंपनी बंद तर आम्ही घरी. डॅनियलनं हे स्पष्ट सांगितलं होतं.

आता आम्ही कोण? परीक्षा म्हटलं की जीव टाकणाऱ्या पोरी. दहावी, बारावी, तलाठी भरती, वनरक्षक भरती. घरातली पहिली शिकलेली पोर परीक्षेत दुसरी येऊच शकत नाही. तिला तेवढी मुभाच नसते. ताईंनी आम्हाला समोर बसवलं. "पोट्ट्याहो, हे बोर्डाचं वर्ष समजा. एक भेग सुटली नाई पाह्यजे. मशीनच्या पुढं निघून दाखवा. त्या माणसाले कळू द्या का चंद्रपुरात काय माल आहे."

आम्ही तसंच केलं. एकीचं काम दुसरीनं तपासलं, दुसरीचं तिसरीनं. पल्लवीनं तर सावलीतल्या भेगा शोधल्या. निकाल आला तेव्हा डॅनियल स्वतः म्हणाला की मशीन खूप मागे पडलं, मुलींनी कमाल केली. ताईंनी खालून जिलेबी मागवली. आम्ही पहिल्या आलो होतो.

चार दिवसांनी कॉल आला. ताईंनी आवाज मोठा ठेवला होता, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. डॅनियल बराच वेळ आमचं कौतुकच करत राहिला. मग म्हणाला की गुंतवणूकदार मागे हटला आहे. त्याचं म्हणणं, इतकी वर्षं शिकवूनही मशीनला जमत नाही आणि मुलींना जमतं, म्हणजे ही टेक्नॉलॉजी कंपनी नाहीच. ही माणसांवर चालणारी कंपनी आहे. अशा बाजारात आम्ही फक्त मशीनवर पैसा लावतो.

ताईंनी त्याला इंग्रजीत, आपल्या त्या मोठ्या आवाजात विचारलं, "म्हणजे आमच्या मुलींनी थोडं वाईट काम केलं असतं तर?"

डॅनियल बिचारा पोरगा वाईट नव्हता. त्याचे डोळे भरले होते ते आम्हाला पडद्यावर दिसत होतं.

फोन ठेवल्यावर ताईंनी कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसली. मग पल्लवीकडे पाहून म्हणाल्या, "मीच आपल्या डोयानं पाह्यलं, बाप्पा. तुमाले शिकवलं, अन् मीच त्या माणसाच्या डोयानं नाई पाह्यलं."

त्यानंतर कितीतरी आठवडे ताई पहाटेपासून मेल लिहायच्या. लीड्स, मँचेस्टर, ब्रिस्टल, जिथं जिथं अशी कंपनी आहे तिथं. उत्तरं गोड यायची. काम उत्तम आहे, पण सध्या परिस्थिती तशी नाही. सध्या आम्ही खर्च कमी करत आहोत. सध्या आम्ही सगळं मशीनवर नेत आहोत. ताई प्रत्येक मेल मोठ्यानं वाचायच्या आणि म्हणायच्या, "सध्या म्हणते ना, मंग पुढं होईन." हळूहळू त्यांनी वाचून दाखवणं सोडलं. डबा आणायच्या, पण तो बंदच परत जायचा. नवं काम नव्हतं तरी त्या आम्हाला रिकामं बसू देत नव्हत्या. जुनेच फोटो पुन्हा उघडायला लावायच्या. "हात बसाले नाई पाह्यजे. काम आलं तर?" म्हणून आम्ही ज्या खड्ड्यांभोवती दोन वर्षांपूर्वी चौकटी काढल्या होत्या, त्यांच्याभोवतीच पुन्हा काढत बसायचो. ते कोणाला पाठवायचं नव्हतं. कोंबडा मात्र रोज आरवायचा. कोणीतरी हळूच म्हणायचं, "ताई, लंडन उघडलं." आणि त्या खिडकीपाशी जायच्या.

पावसाळ्यात डॅनियलची कंपनी बंद झाली. आमच्या खोल्याही सोडाव्या लागल्या. एखाद्यानं पोरींना बसस्टँडवर सोडून हात झटकले असते. ताईंनी तसं केलं नाही. एकेका पोरीला घेऊन एकेका घरी गेल्या. माझ्या घरी आल्या तेव्हा पुन्हा सतरंजीवर बसल्या. "आणून देली, भाऊ," म्हणाल्या. बाबांनी मान हलवली आणि आईला चहा ठेवायला सांगितलं. मी डिग्री पुन्हा पेटीत ठेवली, त्या पेटीचा आवाज ताईंनी ऐकला असणार.

शेवटी मैनी राहिली. ताई एकट्या जातील हे मला बरं वाटेना, म्हणून मीही निघाले. आलापल्लीला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी बसनं पुढं गेलो. पूर उतरला होता, पण मैनीच्या गावाच्या वाटेवर नदी अजून गढूळ आणि रुंद होती. निरोप गेला होता. पलीकडून तिचा बाप डोंगा घेऊन आला. लाकूड कोरून केलेली ती अरुंद होडी त्यानं चिखलात ओढली आणि आमच्यासमोर उभा राहिला.

"जोहार, भाऊ," ताई म्हणाल्या. त्या वेळी आवाज लहान होता. "शब्द देला होता. तुमची पोरगी आणून देली."

त्यानं मैनीकडे पाहिलं. तिच्या पाठीवरच्या बॅगेकडे पाहिलं. मग ताईंकडे.

"आणून काऊन देली, बाई?" तो मोडक्या मराठीत म्हणाला. "त्या टाइमले मी भेलो होतो, म्हणून तसं बोललो. आता नाई भेत. तिच्या पाठच्या दोन पोट्ट्या मले म्हणून राह्यल्या, आमी बी जातो, मैनीवानी. त्याहीले मी काय सांगू? तिकडंच ठेवा लागत होती ना."

ताई ओढणी हातात गोळा करत राहिल्या.

"दुसरं काम नाई का, बाई?" त्यानं विचारलं.

"पाहून राह्यली, भाऊ," ताई म्हणाल्या. "पाहून राह्यली मी."

मैनी डोंग्यात बसली, बॅग मांडीवर घेऊन. बापानं बांबू टेकवला आणि डोंगा काठावरून सुटला.

तेवढ्यात ताईंच्या फोनमधला कोंबडा आरवला. तिथं नेटवर्क नव्हतं, पण घड्याळ चालू होतं. मैनीनं मान वळवली. सवयच ती. पाण्यावरून तिचा आवाज आला, "ताई, लंडन उघडलं!"

ताईंनी हात वर केला.

"उघडू दे," त्या म्हणाल्या, "उघडू दे." पुढचं "तुमी जेवा" त्यांच्या तोंडून निघालं नाही.