डोंगा कुठून उतरवायचा?

मासे पकडणाऱ्यांच्या टोळक्यात किस्से साठतात ते माशांचे. पहिल्यांदा सांगताना वीतभर असलेला मासा तिसऱ्यांदा सांगताना हातभर होतो, आणि ऐकणाराही हरकत घेत नाही, कारण पुढची पाळी त्याची असते. आमचं मात्र वेगळंच झालं. आमच्याकडे किस्से साठले ते काठांचे. पाण्यापर्यंत पोचण्यातच आमची इतकी वर्षं गेली की मासे बिचारे आमच्या गोष्टींत फारसे आलेच नाहीत.

टोळकं चौघांचं. मी सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून 'गुरुजी'. मधुकरचा संत्र्याचा बगीचा होता आणि ट्रॅक्टर होता, म्हणून तो आमचा मॅनेजर. शेषरावचं पांढुर्ण्याला टायर-पंक्चरचं दुकान. आणि चौथे भाऊराव गजभिये, तहसील कचेरीतले बाबू. आमच्यात वयानं मोठे.

भाऊरावांचा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला होता. कुबडी घेऊन चालायचे. जमिनीवर आम्ही त्यांच्या पुढे असायचो, पण एकदा पाण्यावर गेले की आम्ही तिघं मिळूनही त्यांना गाठू शकत नव्हतो, अशी दंडात ताकद. अडचण फक्त मधल्या जागेची होती, जिथे जमीन संपते आणि पाणी सुरू होतं तिथली. आमच्याकडच्या नद्यांचे काठ म्हणजे उभ्या दरडी. तिथे भाऊरावांना उचलून खाली न्यावं लागायचं, आणि उचललेलं त्यांना खपत नसे.

*

ते साफ खपेनासं झालं जामसांवलीला.

तेव्हा आमच्याकडे होडी वगैरे काही नव्हती. ट्रकच्या दोन ट्यूबा फुगवायच्या, वर एक खाट बांधायची, की झालं आमचं जहाज. एका शनिवारी आम्ही जामसांवलीच्या रस्त्यावर थांबून ट्यूबांत हवा भरत होतो आणि भाऊराव कुबडीवर रेलून बाजूला उभे होते. तिथला मारुती दुखणी बरी करतो अशी ख्याती, त्यामुळे दर्शनाला ही गर्दी. त्या गर्दीतून दोन दणकट पोरं आली. त्यांनी भाऊरावांकडे पाहिलं, कुबडीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता त्यांना उचललं.

भाऊराव ओरडून सांगत होते की मी मासे पकडायला आलोय. "सब ठीक हो जाएगा, बाबूजी," पोरं म्हणाली, आणि सगळी रांग ओलांडून त्यांनी भाऊरावांना थेट देवापुढे नेऊन ठेवलं.

भाऊराव बौद्ध. आयुष्यात पहिल्यांदा मारुतीच्या देवळात गेले, तेही हवेतून! परत आले तेव्हा कपाळाला शेंदूर, हातात प्रसाद, आणि कुबडी कोण्या तिसऱ्याच भक्ताच्या खांद्यावर. आम्ही हसून हसून ट्यूबांवर आडवे झालो.

आता जामसांवलीचा मारुती आडवा झोपलेला आहे, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक. भाऊरावांनी शांतपणे रुमालानं शेंदूर पुसला आणि म्हणाले, "तिथला देव झोपून हाय, त्याले कोनी हात नाही लावत. मी चांगला उभा होतो, तं मले उचललं!"

घरी येताना मात्र ते ट्रॉलीत आमच्याकडे पाठ करून बसले. सौंसर जवळ आल्यावर बोलले. "आजपासून मले कोनी उचलाचं नाही. तुमीबी नाही. माह्या जोरावर पान्यात जाईन, नाही तं जातच नाही."

*

मग शेषराव कामाला लागला. त्यानं डांबराचे रिकामे ड्रम कापले, पत्रे ठोकून सरळ केले आणि एक डोंगा बनवला. अरुंद, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, एकाच माणसाचा. बांबूला दोन्हीकडे फळ्या ठोकून वल्हं केलं. भाऊरावांनी काठावरच डोंग्यात बसायचं, वल्ह्यानं जमिनीला रेटा द्यायचा आणि घसरत पाण्यात जायचं, अशी योजना. त्यासाठी एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे बरासा गुळगुळीत उतार.

मला वाटलं, हे काम भूगोलाच्या मास्तराचं आहे. पण नकाशात नदी म्हणजे निळी रेघ असते. त्या रेघेला काठ असतात, काठांना काटेरी तार असते आणि तारेला मालक असतो, हे मी वर्गात कधी शिकवलंच नव्हतं.

रविवारी ट्रॉलीत डोंगा टाकून आम्ही उतार शोधत हिंडायचो. पत्रा उन्हानं तापायचा म्हणून मधुकरनं एकदा त्यावर घरचं पांढरं धोतर पसरलं आणि उडू नये म्हणून दोरीनं बांधलं. त्या दिवशी वाटेतला प्रत्येक माणूस आम्हाला रस्ता देऊ लागला. सायकलवाले खाली उतरले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले. आमच्या काही लक्षात येईना. आम्हीही हात जोडले.

शेवटी रामाकोन्याच्या अलीकडे एका बाईनं डोंग्याशेजारी मान खाली घालून बसलेल्या भाऊरावांना हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं, भाऊ?"

भाऊराव म्हणाले, "अजून कोनी नाही गेलं, बाई. जागाच सापडून नाही राहिली!"

*

जागा सापडली ती रामाकोन्याला, कन्हानच्या डोहावर. उतार असा सुरेख की मीसुद्धा डोंग्यात बसून गेलो असतो. पण तो दोन भावांच्या बगीच्यांच्या बरोबर बांधावर होता, आणि त्या भावांनी वाटणीपासून एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. उताराचा वरचा भाग थोरल्याचा, खालचा धाकट्याचा. थोरला म्हणाला, खुशाल उतरा, पण माझ्या हद्दीपर्यंतच. धाकटा म्हणाला, माझ्याकडून खुशाल पाण्यात जा, पण वरून येऊ नका.

म्हणजे परवानगी दोघांची होती. फक्त मधे पंख लागत होते.

मधुकरला समेट करायची भारी हौस. तो आधी थोरल्याकडे चहा प्याला, मग धाकट्याकडे, मग पुन्हा थोरल्याकडे. आम्ही दिवसभर बांधावर बसून संत्री सोलली. दुपार कलल्यावर पाहतो तर दोघे भाऊ एकत्र चालत येतायत! थोरल्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर, दोघांचे डोळे ओले. मधुकर मागून विजयी वीरासारखा.

थोरला आमच्यापुढे येऊन म्हणाला, "आमी दोघं भाऊ एकमतानं सांगून राहिलो. इथून कोनालेच जाऊ द्याचं नाही."

परतताना मधुकर अगदी पडेल चेहऱ्यानं ट्रॅक्टर हाकत होता. भाऊरावांनीच त्याची समजूत काढली. म्हणाले, "जाऊ दे गा. एक घर तं जोडलं."

*

नदीचा नाद सोडून आम्ही सरकारी तलावाकडे वळलो. तिथे मालकाची कटकट नव्हती, पण पाटबंधारे खात्याचे साहेब होते. वर उत्तरेकडून बदली होऊन नवीनच आलेले, माणूस सज्जन. चौघांत हिंदी माझी बरी, असा आमचा समज असल्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे आलं.

मी म्हणालो, "सर, तालाब में डोंगा डालना है."

साहेबांनी विचारलं, किती माणसं? मी म्हटलं, चार. साहेब जरा विचारात पडले आणि म्हणाले, चार माणसांना एक डोंगा पुरेल ना? मी म्हटलं, आळीपाळीनं वापरू. साहेबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. परवानगी दिली, पण उष्टं-खरकटं पाण्यात टाकायचं नाही, अशी तंबीही दिली. मी शब्द दिला.

बाहेर आल्यावर मधुकर पोट धरून खाली बसला. साहेबांच्या मुलखात डोंगा म्हणजे भाजी वाढायचं झाकणाचं भांडं! त्यांनी आम्हाला तळ्याकाठी पंगत बसवायची परवानगी दिली होती.

मी परत आत जाऊन खुलासा करायला निघालो, तर भाऊरावांनी कुबडी आडवी धरली. "परमिशन डोंग्याची हाय ना, गुरुजी? मंग झालं."

*

त्या तळ्यावर उतार सापडला तो म्हशींमुळे. रोजच्या रोज उतरून म्हशींनी एका जागी काठ असा घोटून ठेवला होता की खात्यातल्या कोण्या मिस्त्रीला तसा गिलावा जमला नसता. भाऊराव वर डोंग्यात बसले, वल्ह्यानं रेटा दिला आणि सर्रकन पाण्यात. आम्ही तिघं हात मागे बांधून उभे, कारण मदत करायची बंदी होती. पाण्यात जाऊन त्यांनी डोंगा गर्रकन वळवला आणि आमच्याकडे पाहून असे हसले की मी मागचे हात सोडून टाळ्या वाजवल्या. शेषराव तर उघडउघड रडला, आणि वर म्हणाला की डांबराचा वास झोंबला.

वर येण्याचा बंदोबस्तही भाऊरावांनीच केला. संध्याकाळी म्हशी निघाल्या की त्यांतल्या एका गरीब म्हशीच्या गळ्यातल्या दाव्यात डोंग्याची दोरी अडकवायची. म्हैस वर, मागून भाऊराव वर. म्हशीच्या मालकाला रविवारी एक मासा पोचायचा.

म्हैस मात्र स्वतःच्या मर्जीनं निघायची. कधी चारला, कधी दिवेलागणीला. घरून निघताना वहिनी विचारायच्या, आज कधी येणार? भाऊराव म्हणायचे, "मले काय इचारतं? म्हशीले इचार!"

*

एका रविवारी साहेब सहकुटुंब तळ्यावर आले. आमच्या पंगतीचं काय चाललंय ते पाहायला आले असावेत. विचारलं, "डोंगा कहाँ है?" मी तळ्याच्या मधोमध बोट दाखवलं. साहेब बराच वेळ पाहत राहिले. आधी त्यांची बायको हसली, मग ते.

भाऊरावांना त्या दिवशी दोन मरळ लागल्या होत्या. तीन दगडांवर रस्सा झाला. साहेब बोटं चाटून जेवले आणि आमचे दोस्त झाले. पण संध्याकाळी म्हशीमागून वर येणारे भाऊराव त्यांनी पाहिले आणि त्यांचे डोळे भरले. तेव्हा सरकार विकलांग वर्ष साजरं करत होतं. सरकारी कर्मचारी म्हशीच्या शेपटीमागे फरपटत येतो, ही आपल्याला शरमेची गोष्ट आहे, असं साहेब म्हणाले. इथे मी पक्का घाट बांधणार!

भाऊरावांनी हात जोडले. "साहेब, काही करू नका जी. हाय तसंच राहू द्या."

साहेबांना तो विनय वाटला.

*

विकलांग वर्ष संपलं आणि घाटाचं काम सुरू झालं. घाटाला सगळ्यांत सोयीची जागा कोणती, हे खात्यानं मोजमाप करून ठरवलं. ती नेमकी म्हशींच्या उताराची निघाली. तिथे गुडघ्याएवढ्या उंच, दगडी, धारदार पायऱ्या आल्या. वर संगमरवरी पाटी, 'विकलांग घाट'.

भाऊराव सगळ्यांत वरच्या पायरीशी उभे राहून खाली पाहत होते. "साहेबाचं मन चांगलं हाय," एवढंच म्हणाले आणि मागे फिरले. त्यानंतर ते आमच्यासोबत आलेच नाहीत. डोंगा मधुकरच्या गोठ्यात पडला आणि त्यात कडबा भरला गेला. मला फार वाईट वाटायचं. रागही यायचा, पण ज्या माणसानं भल्यासाठी वाटोळं केलं त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

उद्घाटन ठरलं ते भर उन्हाळ्यात, कारण जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना तेव्हाच सवड होती. मंडप, माईक, हार. कार्यक्रम असा होता की भाऊरावांना खुर्चीत बसवायचं, चार चपराशांनी ती खुर्ची उचलून पायऱ्या उतरायच्या आणि मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवायच्या. चपराशी तयार होते, खुर्चीला झेंडूच्या माळाही लावल्या होत्या. फक्त भाऊरावांचा पत्ता नव्हता. मधुकर माझ्या कानाशी लागला. म्हणाला, गोठ्यात कडबा खाली पडलाय आणि डोंगा नाहीये.

आणि मग ते दिसले. म्हशींना काही पायऱ्या मानवल्या नव्हत्या. त्यांनी मंडपापासून थोड्या अंतरावर नवा उतार कधीच पाडला होता, उद्घाटनाची वाट न पाहता. तिथून भाऊराव, म्हशीवाल्याकरवी गुपचूप आणवलेला डोंगा वल्हवत, धुतलेला सदरा घालून, घाटासमोर येऊन थांबले.

मोठे साहेब पाण्यात नारळ सोडायला पायऱ्या उतरू लागले. पण उन्हाळ्यानं पाणी मागे गेलं होतं. शेवटच्या पायरीपुढे नुसता गाळ होता, वरून वाळून कोरडा ठणठणीत दिसणारा. साहेबांनी त्यावर पाय ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि नारळासकट मांड्यांपर्यंत खाली गेले.

वर एकच धावपळ उडाली. चारी चपराशी धावत आले. एकानं काख धरली, एकानं कंबरेचा पट्टा, एकानं मान. मोठे साहेब लाल झाले होते, आणि सगळं गाव पाहत होतं.

भाऊरावांनी वल्हं गाळात रोवून डोंगा अगदी जवळ आणला.

"थांबा गड्याहो," ते म्हणाले. "उचलाच्या आधी साहेबायले इचारा तं, कुठी धरलेलं चालते."