फाटकाबाहेरचं पावणं

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आयुष्य सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलं, शवागाराच्या शेजारच्या खोलीत बसून डबा खाल्लाय. त्यात आमचं घर बौद्ध. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच भूत, करणी, लिंबू-मिरची सगळं पंचगंगेत सोडून दिलं. शेजारच्या पाटीलवहिनी अमावस्येला माझ्या स्कूटीकडं बघून म्हणतात, "गाडीला लिंबू न्हाय वो तुमच्या?" मी म्हणते, "ब्रेक हाईत की." अशी मी बाई... आणि हे मी लिहायला बसलेय.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेले होते. येताना एकटीच. मध्ये एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं (कुठल्या ते लिहीत नाही) आणि पुढची फ्लाइट रद्द झाली. उद्या जाईल म्हणाले. व्हिसा नाही म्हणून बाहेर सोडेनात. मग बसले तिथंच खुर्च्यांच्या रांगेत. एसी असला की हाडं गारठली.

समोरच्या खुर्चीवर एक पोरगा होता. पंचविशीचा असेल. वॉशरूममध्ये शर्ट धुवून आणून खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेला. तिथं हात धुवायला गुलाबी पातळ साबण असतो ना, त्याचा वास येत होता. गोड अत्तरात फिनेल ओतल्यासारखा. मी पिशवीतनं भडंगाचा डबा काढला. समोर माणूस बसलेला असताना एकटीनं खाणं काही आपल्याला जमत नाही. डबा पुढं केला. त्यानं आधी नको म्हटलं, मग सगळा संपवला.

नाव करीम. अफगाणिस्तानचा. हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला, माझ्यापेक्षा कितीतरी बरी. गावात जिवाला धोका झाला म्हणून पळाला. एजंटनं दुसऱ्याच कुणाच्या पासपोर्टवर त्याला विमानात बसवलं, आणि सोबत येऊन उतरायच्या आधी तो पासपोर्ट काढून घेतला. उतरला तेव्हा हातात काही नाही. 'मला इथं आसरा द्या' म्हणून त्यानं अर्ज केला होता. साहेब लोक रोज विचारायचे — तू तूच कशावरून? निर्णय होईपर्यंत काचेच्या अलीकडं राहायचं. पलीकडं रस्ता दिसत होता, बस जात होत्या, माणसं पोरांना कडेवर घेऊन चालली होती. किती दिवस झाले विचारलं तर नुसता हसला.

माझं डोकंच फिरलं. काउंटरवरच्या बाईशी माझ्या इंग्लिशमध्ये भांडून आले. ती गोड हसली, मला पाणी दिलं. पोरगा तिथंच.

त्याला खोकला होता. माझ्या बॅगेत मिस्टरांची शाल होती. वर्कशॉपमधून रिटायर झाले तेव्हा सत्कारात मिळालेली, जांभळी. मच्छर अगरबत्तीनं एका कोपऱ्याला भोक पडलेलं, म्हणून प्रवासाला माझ्याकडं आली होती. ती काढून त्याच्या अंगावर टाकली. आणि निघताना, आपण सगळ्यांना म्हणतो तसंच म्हणाले, "कभी कोल्हापूरको आये तो घरको आनेका. जेवल्याशिवाय जानेका नही."

"सच में, आंटी?"

"मग काय खोटं?"

त्याच्या चेहऱ्याकडं बघून मला कसंतरी झालं. आपण कोल्हापूरची माणसं, एसटीत शेजारी बसलेल्यालाही घरी बोलावतो. पुढचा खरंच येईल असं बोलताना कुणाच्या मनात असतं? फोन नंबर देऊन मी विमानात बसले.

आमचं घर उचगावच्या बाजूला, कॉलनीत. उजळाईवाडीला उतरणारी विमानं डोक्यावरनं जातात. पुढं निळं लोखंडी फाटक, आत पेरूचं झाड. मिस्टरांनी शाल कुठाय विचारलं तर लेकीकडं राहिली म्हणून सांगितलं. सत्काराची शाल अनोळखी पोराला दिली म्हटलं असतं तर आठवडाभर ऐकवलं असतं. करीमचे मेसेज यायचे. 'आंटी, खाना खाया?' मीही तेच विचारायचे. दुसरं विचारणार काय?

उन्हाळा लागला आणि ते सुरू झालं. दुपारी भांडी घासत असताना फाटकाची कडी वाजायची. बाहेर यावं तर कोणी नाही. मांजर असेल, पोरं असतील... दोन-चार दुपारी असंच. मग एक दिवस पोर्चमध्ये पेपर वाचत बसलेले मिस्टर आत आले. तोंड उतरलेलं.

"अगं, फाटकाला एक पोरगं हुबं हाय. म्या म्हटलं, कोण पायजे पावणं? तर बोलंना. नुसतं बघतंय."

"मग?"

"ह्या उनाचं शाल पांघरलीया त्यानं." मग हळू आवाजात, "माझी शाल हाय ती. कोपऱ्याचं भोक बी दिसलं की मला."

मी ओल्या हातानं बाहेर पळाले. सरळ रस्ता, लपायला बोळसुद्धा नाही. कोणी नव्हतं. पाटीलवहिनींचं कुत्रं, जे दूधवाल्यालाही फाडून खायला बघतं, ते आमच्या फाटकासमोर बसून शेपूट हलवत होतं.

तेव्हा मिस्टरांना शालीचं खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत, खाली बसले. मी करीमला मेसेज केला, कुठं आहेस?

'वहीं. और कहाँ जाऊँगा?' आणि थोड्या वेळानं, 'दोपहर को आँख लगती है तो आपके घर आता हूँ. नीला गेट है. अमरूद का पेड़ है. कुंडी अंदर से लगी है, आंटी.'

निळं फाटक, पेरू, आतली कडी... घराचा फोटो मी त्याला कधी पाठवला नव्हता. मेसेज वर-खाली करून पुन्हापुन्हा बघितले. नव्हताच पाठवला.

भ्याले. खरंच भ्याले. एवढी वर्षं मेलेल्या माणसांचे डोळे मिटलेत या हातांनी, आणि एका जिवंत पोराला भ्याले. मिस्टरांनी फाटकाला कुलूप घातलं. पाटीलवहिनींना कसं कळलं कोण जाणे, भिंतीवरून म्हणाल्या, "भाकरतुकडा ओवाळून टाका भाईर. लिंबू बांधा फाटकाला. बोलावल्याबिगर असलं येत न्हाय बगा कुणाच्या दारात."

बोलावल्याबिगर! आणि बोलावलं तर मीच होतं की. तरीही त्या संध्याकाळी मंडईत लिंबाच्या गाडीपुढं मी उभी राहिले होते. हे लिहिताना लाज वाटते. हातात घेतलेली लिंबं परत ठेवून आले.

कडी वाजायची थांबली नाही. आता कुलूपही वाजायचं.

मग मेसेज आला. 'कल ले जा रहे हैं. बताते नहीं कहाँ. शायद वापस.' आणि खाली, 'आंटी, आपने बुलाया था ना?'

मोबाइल मिस्टरांच्या पुढं धरला. चष्मा लावून त्यांनी वाचलं. मोबाइल परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "शिरोळला माझा बा मालकाच्या मळ्यावर कामाला जायचा. दीक्षा घेतली तरी फाटकाच्या आत घेत नव्हती त्याला. तान लागली तरी भाईरच हुबा. कोण तरी बघंल, वरनं पाणी वततील, म्हणून. मी बारका, त्याचं बोट धरून." एवढंच बोलले. उठून किल्ली घेतली आणि कुलूप काढून आणलं.

दुसऱ्या दिवशी मी मटणाचा रस्सा केला, भाकरी केल्या. तीन ताटं घेतली. आपण काय करतोय असं दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. दुपारी कडी वाजली. मिस्टर पुढं, मी मागं. फाटकाबाहेर कोणी नव्हतं. ऊन होतं आणि ते कुत्रं. मिस्टरांनी लग्नाचं वऱ्हाड येणार असल्यासारखी फाटकाची दोन्ही दारं उघडली आणि मोकळ्या रस्त्याकडं बघून म्हणाले, "या पावणं. आत या. हितं कुणी कागद मागत न्हाय."

मी मागून म्हटलं, "आव बेटा. जेवून जानेका."

पेरूचं पान हलत नव्हतं. पण आम्हा दोघांच्या मधून, अगदी जवळून, तो वास घरात गेला. गोड, फिनेलसारखा, त्या गुलाबी साबणाचा. मिस्टरांनी माझा हात घट्ट धरला. तो वास कसला ते त्यांना माहीतही नव्हतं.

जेवलो. तिसरं ताट तसंच राहिलं, अन्न कमी वगैरे काही झालं नाही. खोटं कशाला सांगू? पण इतकं गप्प बसून, इतकं जपून आम्ही कधी जेवलो नव्हतो.

संध्याकाळी मेसेज केला, 'बेटा, पोहोचलास का?' एकच टिक. आजही एकच टिक आहे. लेकीनं तिकडून त्या विमानतळाच्या ऑफिसात फोन लावून बघितला. त्यांनी विचारलं, तुम्ही नातेवाईक का? ती नाही म्हणाली, त्यांनी फोन ठेवला. होय म्हणायचं होतंस, म्हणून मी लेकीवर चिडले. तिची काय चूक?

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्चमधल्या खुर्चीवर शाल होती. जांभळी, नीट घडी घातलेली, भोकाचा कोपरा वर. नाकाला लावली. तोच साबण.

दोघांना एकदम भास होऊ शकतो. कडी वाऱ्यानं वाजू शकते. निळं फाटक आणि पेरू कुणाच्याही दारात असतो. नर्स म्हणून हे सगळं माझं स्वतःला समजावून झालंय. शालीपाशी येऊन अडते. ती कशी आली, मला आजही सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर सांगा.

मिस्टर म्हणतात, "शाल परत दिली म्हंजे त्येला आता थंडी वाजत न्हाय. आत घेतलं असंल तिकडं." मी होय म्हणते. पण थंडी न वाजण्याची दुसरीही एक तऱ्हा असते, आणि आयुष्यभर वॉर्डात काम केलेल्या बाईला तीच आधी सुचते. हे मी त्यांना बोललेले नाही. इथंच पहिल्यांदा लिहितेय.

शाल त्या खुर्चीवरच असते. फाटक उघडंच राहतं. कुत्री येतात, पोरं पेरू तोडून नेतात, पाटीलवहिनी ओरडतात. कधीकधी डोक्यावरनं विमान खाली उतरत जातं आणि माझा हात सवयीनं कडीकडं जातो... तेवढ्यात आतून मिस्टरांचा आवाज येतो, "ऱ्हाऊ दे की."